भावाला पुस्तक वाचता येत नव्हतं, ड्रॉइंग मात्र येत होतं (अध्ययन अक्षमता : कोल्हापूरचा अनुभव)

रंकाळवेस (धागाकर्ती)

मागे इथंच एका आईनं विचारलं होतं, चौथीतल्या मुलाला अजून धड वाचता येत नाही, काय करू? बहुतेक प्रतिसाद एकाच वळणाचे होते. मोबाइल काढून घ्या, रोज पानभर शुद्धलेखन घाला, अभ्यासात मन नसेल. तिथं एवढं लांब लिहिणं बरं दिसेना म्हणून वेगळा धागा काढते आहे. माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. त्याला विचारून लिहिते आहे, नाव तेवढं घालू नको म्हणाला.

आम्ही कोल्हापूरचेच. वडील केएमटीत, म्हणजे शहराच्या बससेवेत होते, आई घरी शिवणकाम करायची. भाऊ लहानपणापासून बोलायला एकदम तयार. खासबागेच्या मैदानात कुणी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं ते गल्लीतल्या थोरांना तो सांगायचा. ऐकलेली गोष्ट महिन्यानंतरही जशीच्या तशी सांगायचा. आणि बालभारतीचं पुस्तक समोर धरलं की घाम फुटायचा.

त्याच्या चुका मला अजून आठवतात, कारण अभ्यास मीच घ्यायची. 'घर'चा 'धर' व्हायचा, 'भात'चा 'मात'. 'पर्वत' हा शब्द तो हमखास 'पवर्त' वाचायचा. आता कळतं, की रफार दिसतो 'व'च्या डोक्यावर आणि उच्चारायचा मात्र 'व'च्या आधी. ऱ्हस्व वेलांटीचं तेच, 'कि' लिहिताना वेलांटी आधी, उच्चारात 'क' आधी. तुम्हाआम्हाला हे आपोआप जमतं, त्याला प्रत्येक शब्दाला थांबून सोडवावं लागायचं. ओळ संपेपर्यंत ओळीच्या सुरुवातीला काय होतं तेच निसटून जायचं.

आणखी एक गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. गाण्याच्या भेंड्यांत तो कायम हरायचा. गाणी त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पाठ. पण 'म' आला की 'म'पासून सुरू होणारं गाणं त्याला सापडायचंच नाही. नंतर तपासणी करणाऱ्या बाईंनी सांगितलं, की अडचणीचं मूळ तिथंच आहे. शब्दातला आवाज सुटा करून धरणं त्याला जड जातं. डोळ्यांचा त्यात दोष नसतो आणि आळसाचाही.

शाळेचं नाव घेत नाही. तिथं त्याला मागच्या बाकावर बसवलं आणि वरच्या वर्गात ढकलत नेलं. वह्यांवर शेरा ठरलेला: अक्षर सुधारा, लक्ष द्या. बाहेर पाठ वाचायची वेळ आली की पोटात दुखायचं. ते दुखणं खोटं नव्हतं, खरंच दुखायचं.

सातवीत असताना एका बालरोगतज्ज्ञांनी आधी डोळे आणि कान तपासून घ्या म्हणून सांगितलं. दोन्ही ठीक निघाले. मग त्यांनीच मुंबईला पाठवलं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे. मामा परळला राहायचे, त्यामुळे सोय होती. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी दादर. एका खेपेत काम होत नाही, बुद्ध्यांक वेगळा तपासतात, वाचन-लेखन-गणित वेगळं. अहवालात आलं की बुद्धी चांगली आहे, पण वाचन आणि लेखन इयत्तेच्या दोन वर्षांहून जास्त मागे आहे. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण, आणि सोबत डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्याची. वडिलांनी त्या कागदाच्या झेरॉक्स काढून रेशन कार्डाच्या फाइलीत ठेवल्या आणि एक घेऊन मुख्याध्यापकांपुढं बसले. राज्य मंडळाच्या सवलती नव्वदीच्या दशकापासून आहेत: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं. त्या मुख्याध्यापकांना त्यातलं काही माहीत नव्हतं. वडिलांनी आवाज चढवला नाही आणि उठलेही नाहीत.

दहावीला मी त्याला इतिहास-भूगोलाचे धडे मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करून द्यायची. तो सायकलवरून रंकाळ्याला फेऱ्या मारत ऐकायचा. भूमितीला हात लावावा लागला नाही, आकृती बघितली की उत्तर त्याच्या तोंडात असायचं. इंग्रजी मात्र राहिलं. ते ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटलं, २०१३ साली.

निकालाची वाट बघत घरी बसण्यापेक्षा म्हणून वडिलांनी ओळखीनं उद्यमनगरात एका पॅटर्नच्या वर्कशॉपमध्ये लावलं. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते: इथं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा पट्ट्यात फाउंड्र्या आहेत. ओतकामात आधी वस्तूचा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा नमुना करतात, तो पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्यात वितळलेल्या धातूचा रस ओततात. ऐकायला सोपं आहे. पण वस्तू आतून पोकळ असेल तर त्या पोकळीचा वाळूचा गाभा करावा लागतो, तो कोअर. आणि कोअर करायला पुन्हा उलटा साचा, कोअर बॉक्स. म्हणजे करणाऱ्याला पोकळ ते भरीव आणि भरीव ते पोकळ असं मनात फिरवत राहावं लागतं. शिवाय ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून मीटरभर लांबीला पॅटर्न सुमारे १० मिलिमीटर मोठा धरायचा. वाळूतून उचलताना साचा ढासळू नये म्हणून कडांना उतार द्यायचा. पुढं मशीनवर कातलं जाणारं मटेरियल वेगळं धरायचं.

पहिले काही महिने झाडू आणि पॉलिश पेपर. मग एकदा पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं ड्रॉइंग टेबलावर पसरलेलं होतं. समोरून, वरून, बाजूनं अशा तीन आकृत्या. मिस्त्री आणि दुसरा कारागीर कोअर कुठून दोन भागांत फोडायचा यावर बोलत होते. भाऊ मागं उभा होता. त्यानं खडू घेऊन फरशीवरच कोअर काढला, आतला वळणारा मार्ग कसा जातो ते दाखवलं आणि म्हणाला, हितनं फोडला तर दोन्ही अर्ध्या सपाट बसतील. मिस्त्रींनी ड्रॉइंग त्याच्या हातात दिलं. घरी येऊन त्यानं आईला कणकेचा गोळा घेऊन तेच परत करून दाखवलं, आईला काही कळलं नाही आणि ती ऐकत राहिली.

इथून पुढं सगळं सुरळीत झालं असं वाटून घेऊ नका. आकृती त्याला वाचता यायची, कोपऱ्यातल्या इंग्रजी टिपा नाही. आकडे उलटायचे. ६९ च्या जागी ९६ धरून एक कोअर बॉक्स केला आणि चांगलं सागवान वाया गेलं. मालक चिडले, मिस्त्रींनी सांभाळून घेतलं. त्यानंतर त्यानं स्वतःची पद्धत बसवली. प्रत्येक माप तोंडानं एकेक अंक करून म्हणायचं, लाकडावर खूण करायची, मग परत ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणायचं आणि त्या मापावर हिरवी टिक. हिरवी टिक नाही तर करवत नाही. आयटीआय केलं, थिअरीचा पेपर जड गेला तरी सोडलं नाही. नंतर कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करणं शिकला आणि तिथं त्याची गाडी सुसाट सुटली. आज तो शिरोलीच्या एका शॉपमध्ये पॅटर्नचं डिझाइन बघतो, लाकूड कमी झालंय, बरंच काम आता व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर असतं. सकाळी कामावर जायला उत्सुक असलेला माणूस आमच्या घरात एवढा एकच आहे.

कुणाच्या घरी असं मूल असेल तर इथं विचारा. माहीत आहे तेवढं सांगेन.

---

उद्यमनगरकर

ताई, एक नंबर लिहिलंय. मी मोल्डिंगला असतो. पॅटर्नवाल्यानं उतार नीट दिला नाही की वाळू आमच्या नावानं पडतीय, त्यामुळं चांगला पॅटर्न मेकर म्हणजे काय ते आमाला विचारा. आमच्यातले कितीतरी जुने मिस्त्री सही करण्यापुरतं लिहीत होते, पण डोक्यात आख्खं इंजिन. त्यातल्या किती जणांना हाच त्रास असंल कुणास ठाऊक. शाळा सुटली की हिकडं यायचं, कुणी विचारलंच न्हाई का सुटली म्हणून.

---

मास्तर_भुदरगड

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत आणायचं काम या मातीत शंभर वर्षांपूर्वी झालेलं आहे. आलेल्या मुलाला का वाचता येत नाही हे बघायचं काम आमचं, आणि त्यात आम्ही कमी पडतो. २०१० पासून आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं होतं. त्यामागचा हेतू चांगला होता, पण वाचता न येणारं मूल शांतपणे आठवीत पोचायचं आणि कुठंच नोंद व्हायची नाही.

वर्गात मी काय करतो ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. ताटात रवा पसरून अक्षर बोटानं काढायला लावतो, काढताना आवाज मोठ्यानं. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष या जोड्या एकाच दिवशी शिकवत नाही, एक पक्कं झाल्यावरच दुसरं. वेलांट्या आणि रफार रंगीत खडूनं. ओळीखाली पट्टी. आणि रोज पाच मिनिटं तोंडी खेळ: 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'मळ'. हा खेळ पुस्तकाशिवाय होतो आणि सगळ्या वर्गालाच आवडतो.

आकड्यांबद्दल ताईंनी लिहिलं त्यावरून आठवलं. 'त्रेपन्न' ऐकताना तीन आधी येतो, लिहिताना पाच आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. एकवीस, त्रेपन्न भाषेतून जावं असं मला वाटत नाही, पण माझ्या वर्गातल्या दोघांना 'पन्नास तीन' म्हटल्यावर पहिल्यांदा आकडा बरोबर लिहिता आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

---

जुनाजाणता

भावाचं कौतुक आहेच. पण हल्ली प्रत्येक गोष्टीला रोगाचं नाव द्यायची पद्धत पडली आहे असं वाटतं. आमच्या वेळी वर्गात साठ पोरं असायची, छडी असायची, शिकलोच की सगळे.

---

रंकाळवेस

काका, तुमच्या वर्गातली साठ आठवून बघा. सगळे शिकले का? सातवीनंतर दिसेनासे झालेले कितीजण होते? माझ्या वडिलांच्या वर्गातली अशी नावं ते अजून सांगतात. छडीनं माझ्या भावाला रफार कळला नसता, पोटदुखी वाढली असती. आणि नाव मिळाल्यामुळं एक गोष्ट ताबडतोब झाली: रोज संध्याकाळी घरात होणारी रडारड थांबली. आई त्याच्याजवळ बसून धडा वाचायला लागली, तो ऐकून उत्तरं सांगायला लागला. त्याला शाळेबद्दल पहिल्यांदा काही चांगलं बोलताना मी त्या वर्षी ऐकलं.

---

विशेष_शिक्षिका

मी या क्षेत्रात काम करते म्हणून दोन-तीन गोष्टी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागांच्या तरतुदीत ही मुलं येतात. नोकरीच्या ४ टक्क्यांतला एक टक्का ज्या गटांना मिळून आहे त्यात यांचा समावेश होतो. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि अठराव्या वर्षी मिळालेलं कायमचं. आठच्या आधी कागद मिळत नाही म्हणून मदतही थांबवायची असं मात्र करू नका. आवाजांचे खेळ पहिलीपासून घेता येतात.

मूल मराठी बोलत मोठं झालं असेल तर तपासणी मराठीतही व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली 'डाली' हा तपासणी संच आणला, त्यात मराठी आहे. नुसत्या इंग्रजी चाचणीवर सेमी इंग्रजीतल्या मुलांबद्दल निष्कर्ष काढलेले मी पाहिले आहेत. मुलाला इंग्रजी येत नाही की वाचन जड जातं, हे त्यातून कळत नाही.

आणि कळकळीनं सांगते, यावर गोळी नाही. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, महागडे 'ब्रेन' कोर्स यांनी वाचन सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. हळू, नेमानं, आवाज आणि अक्षर जोडत शिकवणं एवढंच चालतं. त्याला वेळ लागतो.

एक विनंती धागाकर्तीला आणि सर्वांना. तुमच्या भावाला आकार दिसतो ही त्याची ताकद आहे. प्रत्येक डिस्लेक्सिक मुलात अशी खास देणगी असतेच असं धरून चालू नका. संशोधनात त्याबद्दल एकवाक्यता नाही. चारचौघांसारखं साधं मूलही असतं, आणि त्यालाही वाचायला शिकवायचंच असतं.

---

रंकाळवेस

ताई, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. भाऊ मिळेल त्या पानाशी झगडला म्हणूनच ड्रॉइंगच्या टेबलापर्यंत पोचला. दहावी सुटली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. दहावी अडली तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही रस्ता आहे. आयटीआयचे वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड आठवी पासवरही असतात. हे रस्ते आम्हाला आधी कुणी सांगितले असते तर घरातली काळजी बरीच हलकी झाली असती.

---

गंगावेशीची_सून

मीच त्या धाग्यावर विचारलं होतं. हे सगळं रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. मुलाचं अगदी असंच आहे, 'सूर्य' लिहायला सांगितलं की 'र' कुठं घालू विचारतो. सेमी इंग्रजीत आहे. माध्यम बदलू का? आणि मोठेपणी हे जातं का पूर्ण?

---

पॅटर्नवाला

मी धागाकर्तीचा भाऊ. आक्कानं खातं काढून दिलंय. बोलून टाइप करतोय, आणि पाठवायच्या आधी फोनकडनं वाचून घेतो.

वहिनी, पूर्ण जात नाही. मी आजपण हळू वाचतो. पण आता त्याची भीती वाटत नाही. लांब मेल आला की फोनला वाचायला लावतो. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय, बदल असंल तर ड्रॉइंगवर गोल करून पाठवा आणि सोबत बोलून मेसेज टाका. कुणी नाही म्हटलं नाही. हिरवी टिक अजून आहे, आता स्क्रीनवर असते. माझ्या हाताखाली तीन पोरं शिकत्यात, तिघांना तीच सवय लावलीय. त्यांना वाचायचा काही त्रास नाही, तरी मापं चुकायची कमी झाली.

शाळेत मला सगळ्यात वाईट काय वाटायचं ते सांगतो. मार पडला त्याचं नाही. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावायचं त्याचं. तेवढं शाळेत जाऊन आधी थांबवा. तोंडी विचारा म्हणावं, सांगतो की तो. माध्यमाचं आक्का आणि त्या शिक्षिका ताई सांगतील.

आणि पोराला काय आवडतंय ते बघा, पण त्याच्यावर लगेच करिअर म्हणून उडी टाकू नका. मला पॅटर्न आवडतंय हे मला अठराव्या वर्षी कळलं. त्याच्या आधी मी पतंग, गणपतीची आरास, सायकल खोलून जोडणं असलंच करत होतो आणि आईनं कधी अडवलं नाही.

---

विशेष_शिक्षिका

माध्यमाबद्दल: घाईनं बदलू नका. आधी मराठीतलं वाचन किती मागे आहे ते तपासा. घरची भाषा पक्की असेल तर वाचनाचा पाया तिच्यात घालणं सोपं जातं, आणि दोन लिप्या एकदम शिकण्याचा भार काही मुलांना झेपत नाही. पण वर्गातले मित्र, शिक्षकांचं सहकार्य हेही मोजावं लागतं. तपासणीनंतर ठरवा.

---

गंगावेशीची_सून

आभार सगळ्यांचे. डोळे-कान या आठवड्यात दाखवतो. तपासणीला जाताना काय काय न्यायचं? प्रगतिपुस्तकं आहेत सगळी.

---

रंकाळवेस

प्रगतिपुस्तकं न्याच, पण त्याहून महत्त्वाच्या वह्या. शुद्धलेखनाची, निबंधाची आणि गणिताची, प्रत्येकी एक तरी. गेल्या वर्षीच्या असतील तर त्याही. घरी खाडाखोड पुसून पुन्हा नीट लिहून घेतलेल्या नकोत, चुका आहेत तशाच हव्यात. जन्माच्या वेळचे आणि लहानपणीच्या आजारांचे कागद असतील तर तेही फाइलीत घाला. चालायला, बोलायला कधी लागला ते विचारतात, आजींना विचारून लिहून ठेवा. वर्गशिक्षकांकडून चार ओळी मिळाल्या तर उत्तम. आणि मुलाला आदल्या दिवशी सांगा की तिथं पास-नापास नसतं, मध्ये भूक लागली तर खायला मिळेल. भाऊ म्हणतो डब्यात त्याच्या आवडीचंच द्या.